सांधेरोपणापूर्वीचे रुग्णशिक्षण



गुडघा किंवा खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया साधारणतः एक ते दोन तासांत पार पडते. तिचे फळ रुग्णाच्या पदरात पडावयास मात्र काही महिने लागतात, आणि त्या महिन्यांतील बहुतेक परिश्रम रुग्णाला स्वतःलाच करावे लागतात. शल्यविशारद झिजलेल्या सांध्याच्या जागी कृत्रिम सांधा बसवू शकतो. परंतु तो सांधा वाकविणे, त्यावर भार देणे, जिना चढणे ही कामे रुग्णाच्या वतीने दुसऱ्या कोणालाही करता येत नाहीत. साहजिकच, रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी द्यावयाचे शिक्षण हा उपचाराचाच एक भाग ठरतो. हे शिक्षण केव्हा द्यावे, कोणी द्यावे आणि कसे द्यावे, याचा विचार उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांच्या संदर्भात येथे करावयाचा आहे.

शस्त्रक्रियेची पूर्वपीठिका

सांध्यात एकत्र येणाऱ्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. वय, वाढलेले वजन, जुनी दुखापत किंवा संधिवात यांमुळे ते झिजते. मग हाड हाडावर घासू लागते, पाय वाकडा होतो आणि चार पावले टाकणेही कठीण होते. औषधे, व्यायाम व वजन कमी करणे या उपायांनी काम भागेनासे झाले म्हणजे सांधा बदलण्याचा पर्याय पुढे येतो. इंग्लंडमधील रायटिंग्टन येथील डॉ. जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातू आणि पॉलिएथिलीन यांचा खुब्याचा सांधा यशस्वी करून दाखविला, आणि तेथून या शस्त्रक्रियेचे आधुनिक युग सुरू झाले. गुडघ्याचे भरवशाचे कृत्रिम सांधे १९७० नंतरच्या दशकात आले. भारतात या विद्येचा पाया घालणाऱ्यांत मुंबईचे डॉ. के. टी. ढोलकिया यांचे नाव आदराने घेतले जाते.

महाराष्ट्रातील घराघरांत ही शस्त्रक्रिया परिचित झाली ती मात्र पुढे. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला. देशाचा पंतप्रधान ही शस्त्रक्रिया करवून घेतो, यामुळे सामान्य माणसाच्या मनातील भीती बरीच ओसरली. परंतु बातमी होते ती शस्त्रक्रियेची. तिच्या आधीच्या तयारीची आणि नंतरच्या व्यायामाची बातमी होत नाही, आणि नेमकी तीच माहिती रुग्णाला हवी असते.

तीन शहरे आणि तेथील घरे

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकलगाडी विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके घेत जाते. अंतर थोडे, परंतु या तीन स्थानकांवर उतरणाऱ्या माणसांची घरे आणि सवयी निरनिराळ्या आहेत.

उल्हासनगर ही मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथील बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव देण्यात आले. आजही तेथील वस्ती ‘कँप’च्या क्रमांकाने ओळखली जाते. दुकानात गादीवर मांडी घालून दिवस काढणारा व्यापारी, शिलाईयंत्राचा पायटा चालविणारा कारागीर आणि बांधकामातील वाढीव मजल्यावर राहणारी त्याची वृद्ध आई, हे तेथील नेहमीचे चित्र होय. अंबरनाथ हे शस्त्रास्त्र निर्माणीचे व कारखान्यांचे गाव. यंत्रासमोर उभे राहून ज्यांनी उमेद खर्च केली असे निवृत्त कामगार तेथे मोठ्या संख्येने आहेत. बदलापूरचा चाकरमानी पहाटेची गाडी धरतो आणि रेल्वेचे पूल रोज चढतो-उतरतो. तर शहराभोवतीच्या गावांतील शेतकरी आणि पाड्यांवरील आदिवासी पावसाळ्यात भाताच्या खाचरात वाकलेला असतो.

गुडघा सर्वांचा सारखाच झिजतो. परंतु नवा गुडघा घेऊन परत जावयाचे घर प्रत्येकाचे वेगळे असते. रुग्णशिक्षणाचा सारा प्रश्न या एका गोष्टीत सामावलेला आहे.

संशोधन काय सांगते

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाशी मोकळेपणाने बोलल्याचा परिणाम काय होतो, याचा एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये झाला. डॉ. एग्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये तो प्रसिद्ध केला. पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांपैकी काहींना भूलतज्ज्ञांनी आधीच सांगितले की, वेदना कोठे होईल, किती काळ राहील आणि कूस कशी बदलावी, स्नायू सैल कसे सोडावे. या रुग्णांना इतरांच्या मानाने निम्मीच वेदनाशामक औषधे लागली आणि ते सरासरी पावणेतीन दिवस आधी घरी गेले.

तथापि सांधेरोपणाबाबतचा पुढील अनुभव इतका सरळ नाही, हेही सांगितले पाहिजे. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये १८ चाचण्यांमधील १,४६३ रुग्णांचा आढावा घेतला. सर्वांना सरसकट दिलेल्या व्याख्यानांनी व पुस्तिकांनी वेदना किंवा हालचाल यांत नेहमीच्या देखभालीपेक्षा फारसा अधिक फरक पडतो, असे त्यात सिद्ध झाले नाही. मात्र ज्यांच्या मनात भीती किंवा निराशा आहे, अथवा ज्यांच्या अपेक्षा अवास्तव आहेत, अशांना त्यांच्या गरजेनुसार दिलेले शिक्षण उपयोगी पडू शकते, असा अभिप्राय तेथे नोंदविलेला आहे.

या दोन निष्कर्षांना जोडणारा तिसरा निष्कर्ष कॅनडातील आहे. ऑन्टारिओ प्रांतातील १,७०३ गुडघेरोपणांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे पाचांपैकी एक रुग्ण असमाधानी आढळला, आणि असमाधानाचे सर्वांत प्रबळ कारण होते पूर्ण न झालेली अपेक्षा. सांधा नीट बसला, जखम भरली, क्ष-किरण चित्र उत्तम आले, तरीही रुग्ण नाराज. कारण त्याने मनात धरलेले वेगळेच होते आणि ते त्याला कोणी विचारलेच नव्हते.

यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. पत्रके वाटून रुग्णशिक्षण होत नाही. आधी विचारावे लागते, मग सांगावे लागते.

काय विचारावे

पहिला प्रश्न असा: नव्या सांध्याने आपण काय करू इच्छिता? अंबरनाथच्या एखाद्या वृद्धेचे उत्तर असेल की, श्रावणी सोमवारी शिवमंदिराच्या गाभाऱ्यात उतरावयाचे आहे. अकराव्या शतकातील या मंदिराचा गाभारा सभामंडपापेक्षा बराच खाली असून तेथे पायऱ्या उतरून जावे लागते. या उत्तरावरून तिला देण्याच्या शिक्षणाची दिशा ठरते. पायऱ्या उतरणे बहुतेकांना व्यायामानंतर साध्य होते, तेव्हा तो सराव करून घ्यावयाचा. परंतु गाभाऱ्यात जमिनीवर बसून अभिषेक करण्याची आशा तिला लावावयाची नाही. कृत्रिम गुडघा साधारणतः ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. खुर्चीवरून उठण्यास व जिन्यास तेवढे पुरते. उकिडवे बसणे व मांडी घालणे यांना त्याहून अधिक वाक लागतो, आणि तसे न बसण्याचाच सल्ला बहुधा दिला जातो.

उल्हासनगरच्या व्यापाऱ्याला गादीऐवजी खुर्ची स्वीकारावी लागेल. बदलापूरजवळच्या शेतकऱ्याला शेतावर चालत जाता येईल. चिखलात वाकून दिवसभर भातलावणी करणे किंवा डोक्यावर भारे वाहणे सोडावे लागेल. हे शस्त्रक्रियेनंतर कळले तर फसवणूक वाटते, आधी कळले तर तो निर्णय ठरतो. काही जण हे ऐकून शस्त्रक्रिया पुढे ढकलतील. त्यांनी ती समजून-उमजून ढकलली, यातही शिक्षणाचे यशच मानावे.

दुसरा प्रश्न भाषेचा आहे. उल्हासनगरातील जुन्या पिढीतील अनेक सिंधी वृद्धांचे वाचन अरबी वळणाच्या सिंधी लिपीत झालेले आहे, तर त्यांच्या नातवंडांना ती लिपी वाचता येत नाही. मराठी किंवा हिंदी पत्रक आजोबांना वाचता येत नाही, आणि सिंधी पत्रक सुनेला. पाड्यावरील वृद्धाची अडचण आणखी निराळी. त्याला अक्षरओळखच नसते. म्हणून तोंडी सांगणे, करून दाखविणे आणि रुग्णाकडून पुन्हा करून घेणे हीच खरी रीत होय. “समजले का?” असे विचारले असता सगळेच होय म्हणतात. “घरी गेल्यावर आपण काय कराल ते सांगा पाहू,” असे विचारले म्हणजे काय समजले आणि काय राहिले ते ध्यानी येते.

शस्त्रक्रियेपूर्वीचे आठवडे

शिक्षणाचा प्रारंभ शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी करणे व्यर्थ होय. शक्य तेथे चार ते सहा आठवडे आधी तो व्हावा, कारण तयारीला तेवढा काळ लागतो. मधुमेह असल्यास गेल्या तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखविणारी तपासणी करून साखर आटोक्यात आणावी. किडका दात, पायावरील जखम, लघवीची जळजळ यांपैकी काही असेल तर ते लपवू नये. शरीरात कोठेही असलेले जंतू रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतात, आणि तेथील संसर्ग हटविण्यासाठी कधीकधी बसविलेला सांधा काढावा लागतो. असा संसर्ग शंभरात साधारण एखाद-दुसऱ्या रुग्णालाच होतो. पण ज्याला होतो त्याला तो फार जड जातो.

विडी-सिगारेट आणि तंबाखू यांमुळे जखम भरण्यास विलंब लागतो. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. “तंबाखू खाता का?” असे विचारले तर पुष्कळ स्त्रिया नाही म्हणतात, कारण मिसरीला त्या तंबाखू समजत नाहीत. म्हणून मिसरीची चौकशी नाव घेऊन करावी. रोजच्या सर्व गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून परस्पर थांबवू नयेत किंवा चालूही ठेवू नयेत. गुडघेदुखीसाठी ओळखीपाळखीने मिळालेल्या पुड्यांचाही उल्लेख अवश्य करावा. त्यांत काही वेळा स्टेरॉइड मिसळलेले असते. भुलेच्या आधी उपाशी राहण्याची जी वेळ सांगितली असेल तीनंतर चहाचा घोटही घेऊ नये. मायेपोटी तो पाजणारे नातलगच असतात, तेव्हा ही सूचना त्यांनाही द्यावी.

व्यायाम आधीच शिकावेत. पाय सरळ ठेवून मांडीचे स्नायू आवळणे, घोटा वरखाली हलविणे, टाच सरकवत गुडघा वाकविणे, सरळ पाय उचलून धरणे, हे चार व्यायाम खाटेवर करता येतात. शस्त्रक्रियेनंतर दुखत असताना नवे काही शिकणे अवघड असते. आधी शिकलेले आठवणे सोपे असते. वॉकर धरून चालण्याचा सरावही आधीच करावा. जिन्याचा नियम घरातल्या प्रत्येकाने पाठ करावा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी.

रुग्णाला वेदनेविषयी खरे सांगावे. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात, आणि तेव्हा दुखते. चालल्याने सांधा निखळेल, अशी धास्ती मनात असते. ती आधीच घालवावी. गुडघ्यावरील सूज व ऊब काही महिने राहू शकते, आणि व्रणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर राहते. ही लक्षणे अपेक्षित आहेत. याउलट पोटरी सुजून दुखणे, अचानक धाप लागणे, छातीत कळ येणे, जखमेतून पाणी येत राहणे किंवा ताप चढणे, यांपैकी काहीही झाले तर उद्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. गुडघ्याखाली उशी घेऊन पडून राहणे सुखाचे वाटते; पण त्यामुळे पाय सरळ होण्याचे थांबते.

घराची तयारी

घराची पाहणी हा या शिक्षणातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. शौचालय भारतीय पद्धतीचे आहे काय? असल्यास मध्ये भोक असलेली कमोड-खुर्ची त्यावर ठेवता येईल काय? ते सार्वजनिक असून रात्री अंधारातून जावे लागत असेल, तर घरातच काही आठवडे सोय करावी लागेल. खाट गुडघ्याच्या उंचीची हवी. अंथरूण जमिनीवर असेल तर खाट आधी मिळवावी. न्हाणीघरात भिंतीला पकडदांडा आणि खाली न सरकणारी चटई हवी. दारातील पायपुसणी आणि वाटेतील तारा उचलाव्या. ज्यांचा खुबा बदलावयाचा त्यांनी बुटके स्टूल, पाट आणि पायावर पाय टाकून बसणे काही काळ वर्ज्य करावे, अन्यथा सांधा निखळण्याचा संभव असतो.

पावसाळ्याचाही विचार करावा. उल्हास नदीला पूर आला म्हणजे या पट्ट्यातील वाहतूक कशी ठप्प होते, हे २७ जुलै २०१९ रोजी सर्वांनी पाहिले. त्या दिवशी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. टाके काढण्याची व पुढील तपासणीची तारीख भर पावसात येत असेल, तर रुग्णाला नेण्या-आणण्याची व्यवस्था आधीच ठरवावी.

घरातील स्त्री रुग्ण असेल तेव्हा आणखी एक गोष्ट विचारावी: स्वयंपाक, पाणी भरणे व मुलांचे करणे सहा आठवडे कोण पाहील? या प्रश्नाचे उत्तर नसल्यामुळे अनेक स्त्रिया शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे टाळतात, किंवा दहाव्या दिवशी चुलीपुढे उभ्या राहतात. म्हणून पती व मुलगे यांना या शिक्षणाला मुद्दाम बसवावे.

खर्च, योजना आणि संमती

खर्चाची माहिती हाही शिक्षणाचाच भाग आहे. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्र शासनाच्या राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१७ रोजी मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत तेव्हा वस्तू व सेवा कर वगळून ५४,७२० रुपये ठरविण्यात आली. रुग्णाने सांध्याची किंमत देयकात वेगळी दाखविण्याचा आग्रह धरावा आणि वेष्टनावरील चिकटपट्टी कागदपत्रांत जपून ठेवावी. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. सांधेरोपण कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या अटींवर योजनेत बसते, याची चौकशी तारीख ठरविण्यापूर्वीच अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी.

संमतिपत्रावरील सही ही केवळ औपचारिकता नव्हे. समीरा कोहली खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती दिल्यानंतर मिळालेली संमतीच ग्राह्य होय. सांधा किती वर्षे टिकेल, हा प्रश्नही रुग्णाने निःसंकोच विचारावा. अनेक देशांतील नोंदींवर आधारलेल्या २०१९ च्या एका अभ्यासानुसार संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के आणि खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के सांधे २५ वर्षे टिकतात.

गावाचा आणि शहराचा वाटा

शस्त्रक्रिया मुंबईत होवो वा ठाण्यात, रुग्ण परत येतो तो आपल्या गल्लीत. म्हणून हे शिक्षण घराजवळ मिळाले पाहिजे. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय आणि बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय ही शासकीय केंद्रे या पट्ट्यात आहेत. २०२४ मध्ये अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. अशा ठिकाणी आठवड्यातून एक तास, रुग्ण आणि त्याचा एक नातलग यांच्यासाठी, फिजिओथेरपी तज्ज्ञ व परिचारिका यांनी वर्ग घेतला तर त्याला फारसा खर्च येणार नाही. ज्याने शस्त्रक्रिया करवून घेतली आहे, असा शेजारचाच एखादा माणूस त्या वर्गात आणून बसविला, तर त्याचा जिना चढण्याचा अनुभव नवख्याला धीर देईल.

आशा सेविका घराची पाहणी करू शकते. त्यासाठी शौचालय, खाट, जिना, दिवा आणि सोबतीचे माणूस या पाच नोंदी पुरेशा आहेत. ग्रामपंचायतीने दोन वॉकर, दोन कमोड-खुर्च्या आणि एक उंच खाट विकत घेऊन ठेवल्या, तर त्या एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे वर्षानुवर्षे फिरत राहतील. शिक्षकाला गावात मान असतो. रुग्णालयातून आलेले कागद त्याने घरी जाऊन वाचून दाखविले, औषधांच्या वेळा आणि तपासणीच्या तारखा भिंतीवरील दिनदर्शिकेत मांडून दिल्या, तर त्या वृद्धाचे निम्मे गोंधळ दूर होतील. अधिकाऱ्यांनी या वर्गासाठी एक खोली, एक वार आणि एक जबाबदार व्यक्ती नेमून द्यावी.

कृत्रिम सांधा तयार मिळतो. तो वापरणारा माणूस आधी तयार करावा लागतो. हे काम रुग्णालयाच्या दाराबाहेर सुरू होते आणि त्याला मोठी साधनसामग्री लागत नाही. रुग्णाजवळ बसावे, त्याला काय करावयाचे आहे ते विचारावे, त्याचे घर पाहावे, आणि मग जे खरे आहे तेवढे त्याच्या भाषेत सांगावे. पंचायतीचा सदस्य, शाळेचा शिक्षक आणि शासनाचा अधिकारी या तिघांनी एवढे मनावर घेतले, तर या तीन शहरांतील अनेक वृद्धांची शस्त्रक्रियेनंतरची पहिली पावले भीतीने अडणार नाहीत.